तीन निरुपद्रवी गोष्टी

जनता बाजारच्या चौकात सिग्नल लागला. दानेश्वरीनं पाय टेकवून स्कूटी थांबवली आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, सौंदर्याचं कपाळ येऊन टेकलं. आधी तिला बरं वाटलं. दहावीत गेल्यापासून पोरगी अशी अंगाला अंग लावून बसत नसे. मागची कडी धरायची, मध्ये दप्तर ठेवायचं, अशी बसायची. मग लक्षात आलं, कपाळ टेकलेलं नाही, दाबलेलं आहे. कुडत्यातून त्याचा दाब थेट मणक्यावर येत होता, जणू पोरीला आईच्या पाठीतून आत शिरायचं होतं. डावीकडे एका मोटारसायकलवर तिघं होते, दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेच्या गणवेशात. मधल्याच्या हातात मोबाइल होता. तो मोबाइलकडे बघे, मग सौंदर्याकडे, मग परत मोबाइलकडे. कंपनीच्या गेटवर वॉचमन ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळवून बघतो तसा. जुळलं असावं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माताजी, आशीर्वाद द्या की!" तिघं हसले. त्या हसण्यात फारसा द्वेष नव्हता. रस्त्यावरच्या ओळखीच्या वेड्याला हाक मारून पोरं हसतात तसे ते हसले, आणि हेच तिला नंतर आठवत राहिलं. सिग्नल सुटला. मोटारसायकल बागल चौकाच्या दिशेनं गेली. मागचे हॉर्न वाजायला लागले तरी दानेश्वरीला गाडी पुढं घ्यायची असते हे सुचेना.

"कोण होती गं ती पोरं?"

"माहीत नाही."

"मग तुला माताजी का म्हणाली?"

"आई, गाडी चालव ना."

घरी आल्यावर सौंदर्या सरळ बाथरूममध्ये गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. दानेश्वरी स्वयंपाकघरात कणीक मळत होती आणि तिचे कान त्या पाण्यावर होते. सौंदर्याला ती पोरं माहीत नव्हती हे खरं असणार. खोटं बोलताना पोरगी भराभर बोलते, आणि आता तर तिला शब्द उचलत नव्हते. म्हणजे तिला ती माहीत नव्हती आणि त्यांना मात्र ती माहीत होती. आठवडाभर घरातला फोन वाजत होता आणि उचलला की बंद होत होता, हे आता या वाक्याच्या शेजारी येऊन बसलं. एकदा तो रुद्रेशनं, तिच्या नवऱ्यानं, उचलला होता. त्याचं शाहूपुरीत शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. दिवसभर इंजिनांच्या आवाजात बोलून बोलून त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "कोण पायजे? माताजी? अवो पावणं, मठ न्हाय ह्यो, घर हाय घर! रॉंग नंबर." फोन ठेवून तो हसत म्हणाला होता, "कुणाला तरी लई भक्ती आलीया." आणि पुढ्यातल्या भाकरीकडं वळला होता. सौंदर्या तेव्हा समोरच बसली होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला, आमटी मनगटापर्यंत ओघळली तरी. हे दानेश्वरीनं तेव्हा पाहिलं होतं. पाहूनही त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं कागलहून, कंपनीतून, निशिगंधाला फोन केला. निशिगंधा सौंदर्याची बालवाडीपासूनची मैत्रीण. "काकू, तुम्हाला ठाऊकच न्हाय व्हय?" ती म्हणाली. त्या आवाजात कीव होती आणि कीवेच्या मागे, कुणाला तरी पहिल्यांदा काही सांगायला मिळाल्याचा आनंदही होता. सगळी पोरं ज्या साइटवर असत तिथं कसं जायचं, कुठलं नाव टाकायचं, ते तिनं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झाल्यावर दानेश्वरीनं ते नाव टाकलं. पान हळूहळू, वरून खाली उघडत गेलं. आधी ओले केस आले. मग कपाळ, त्यावरच्या भस्माच्या तीन रेघा. मग मिटलेले डोळे. मग डावा तळहात आणि त्यावर इष्टलिंग. गेल्या श्रावणात स्वामींनी घरी येऊन सौंदर्याला दीक्षा दिली होती. त्या सकाळचा हा फोटो. त्या दिवशी पोरगी इतकी शांत दिसत होती की दानेश्वरीला वाटलं होतं, हिला कशातून तरी आधार मिळाला, चला. फोटोखाली लिहिलं होतं, 'कुमारी माताजी. दर्शनाची वेळ सकाळ-संध्याकाळ. फोन करून यावे.' खाली घरचा नंबर. त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं, एकाखाली एक, पान सरकवत नेलं तरी संपेना. काही नुसतं हसणं. काही शिव्या. काही असं, की तिनं ते वाचलं आणि वाचल्याबरोबर डोळे खिडकीबाहेर नेले. बाहेर कंपनीच्या आवारात माळी हिरवळीवर पाणी मारत होता. ऊन होतं. पुण्याकडं जाणारे ट्रक महामार्गावरून एका लयीत जात होते. लिहिणाऱ्यांमध्ये कुणी सांगलीचा होता, कुणी बेळगावचा, आणि एकानं आपण मस्कतला असतो असं लिहिलं होतं. मस्कतमधला एक माणूस तिच्या मुलीच्या ओल्या केसांबद्दल मत देत होता.

बी.एस्सी.ला असताना तिच्या स्वतःच्या नावानं कॉलेजच्या जिन्यात कुणीतरी कोळशानं काही लिहिलं होतं. ते आता तिला आठवलं. कोळशाच्या अक्षरांचा खरखरीतपणासुद्धा आठवला. ती महिनाभर त्या जिन्यानं गेली नाही, मागच्या लोखंडी शिडीवरून प्रयोगशाळेत जात राहिली. मग दिवाळीच्या सुट्टीत चुना मारला आणि ते गेलं. भिंत होती म्हणून चुना मारता आला. जिन्यानं जाणाऱ्यांनीच ते वाचलं, आणि जिन्यानं जाणारे मोजके होते. वाचणाऱ्याला तिथवर चालत जावं लागे. हे मात्र चालत येत होतं, सिग्नलपर्यंत, जेवणाच्या ताटापर्यंत.

त्या संध्याकाळी तिनं जे केलं ते प्रयोगशाळेत वीस वर्षं करत आली होती तेच. ती सलाईन भरणाऱ्या कंपनीत निर्जंतुकता तपासायची. कुठं बाधा दिसली की पहिलं काम, नमुना वेगळा काढायचा, दार बंद करायचं, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं. तिनं सौंदर्याचा मोबाइल मागून घेतला आणि कपाटात ठेवला. कॉम्प्युटरची मागची तार काढली. सौंदर्या दारात उभी राहून बघत होती. रडत नव्हती.

"तू पाहिलंस," ती म्हणाली.

"पाहिलं. आता हे बंद. तू ते बघायचं नाहीस."

"तू इथं बंद केलंस म्हणजे तिथं बंद झालं?"

दानेश्वरीनं काढलेली तार गुंडाळून कपाटात टाकली.

"आधी निदान मला कळत तरी होतं आज काय लिहिलंय. शाळेत कोण का हसतंय ते कळत होतं. आता नुसतंच हसणार सगळे. तू मला आंधळी केलीस आई." मग तिनं हळूच विचारलं, "अप्पांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

रुद्रेशला सांगायचं नाही यावर दोघींचं एकमत होतं. त्याच्या मायेबद्दल शंका नव्हती. भीती होती ती त्या मायेचीच. काही वर्षांपूर्वी दुकानातल्या गड्याच्या बहिणीला कुणी छेडलं, तेव्हा रुद्रेश तालमीतल्या जुन्या दोस्तांना घेऊन चार मोटारसायकलींवर त्या पोराच्या दारात गेला होता. पोरगं माफी मागून मोकळं झालं. पण त्या मुलीचं नाव गल्लीच्या तोंडात बसलं ते बसलंच, आणि तिचं लग्न शेवटी लांब चिकोडीकडं करावं लागलं. "कोन हाय ते सांग फकस्त, तंगड्या मोडून हातात देतो," हे त्याचं वाक्य दानेश्वरीला तो बोलायच्या आधीच ऐकू येत होतं. पण कोण आहे, हा प्रश्न बरोबर होता. तोच तिच्या डोक्यात कीटकासारखा फिरत राहिला. सौंदर्याचा सगळा वर्ग शाळेनंतर ज्या क्लासला जायचा, तिथल्या सरांना ती भेटून आली. हंबीरराव सर राजारामपुरीत दोन मजली क्लास चालवत. त्यांचा आवाज दोन्ही मजल्यांवर पोचे. त्यांनी तिला चहा पाजला आणि ते म्हणाले, "वहिनी, पोरं हायत. धा दिवसांनी नवं कायतरी सापडतंय त्यास्नी. बोर्डाचं वर्ष, ध्यान देऊ नका. आनि फोटो काढून दिला कशाला म्हनतो मी?" जिना उतरताना आपण गुन्हेगार असल्यासारखं कठडा धरून उतरतोय, असं तिला वाटलं.

भीतीचं एक शरीर असतं, ते तिला त्या दिवसांत कळलं. ते तळव्यांत असतं, दातांच्या मुळांशी असतं. सौंदर्या बाथरूममध्ये गेली की दानेश्वरी बाहेर काही ना काही काम काढी, दोरीवरचे वाळलेले कपडे परत झटकी. पाण्याचा आवाज थांबला की श्वास धरून ठेवी, कडी वाजली की सोडी. पोरगी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तर तीही एखादा टॉवेल घेऊन मागोमाग जाई. गच्चीवर दोघी उभ्या राहत. समोर घरांच्या टाक्या, तारा, लांब जोतिबाच्या डोंगराची निळी कड. सौंदर्या कठड्याजवळ जाऊन खाली बघे आणि दानेश्वरी अगदी तिच्या शेजारी जाऊन उभी राही. "काय बघतेस?" "काही नाही. ती मांजर." मांजर खरंच असे. पण पोरीनं केस धुणं सोडलं होतं. तेल लावून इतके घट्ट बांधी की कपाळाची कातडी ताणली जाई. दीक्षेच्या वेळी गळ्यात बांधलेला शिवदारा, म्हणजे इष्टलिंगाचा दोरा, ती कपड्यांच्या आत खोल ढकलून ठेवी, आणि एक दिवस तो गळ्यात नव्हताच. देव्हाऱ्यात, तबकाखाली, घडी करून ठेवलेला सापडला. दानेश्वरीनं तो तिथंच राहू दिला. धर्माच्या बाबतीत ती फार काटेकोर नव्हती. पण पोरगी त्या दिवशी जिथं टेकली होती, ती जागाच कुणीतरी काढून घेतली होती.

कोण? तिनं तो फोटो मनात पुन्हा पुन्हा उघडला. तिला आता कॉम्प्युटर लागत नव्हता. फोटो छातीच्या उंचीवरून काढला होता, थोडा उजवीकडून. एका कडेला लोणच्याच्या बरणीचं झाकण अर्धं दिसत होतं. म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. त्या सकाळी दीक्षा बघायची म्हणून सौंदर्याच्या वर्गातले तिघं लवकर आले होते आणि त्या उंबऱ्याशी दाटीवाटीनं बसले होते. निशिगंधा, राजनंदिनी आणि पृथ्वीराज. तिघांनी गव्हाची गोड हुग्गी मागून मागून खाल्ली होती. पृथ्वीराज तर वाटी चाटून म्हणाला होता, "काकू, मलाबी लिंगायत करून घ्या, रोज ह्ये मिळत असंल तर." सगळे किती हसले होते. फोटो त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी मोबाइलमधून निघाला होता. सौंदर्याला विचारलं तर ती म्हणे, "तिघांकडंही होता, एकमेकांना पाठवला होता. माझे तेवढेच मित्र आहेत आई. त्यांच्यातलं कुणी नाही." तिला तसं मानायचं होतं. दानेश्वरीला मानून चालणार नव्हतं. मानणं आणि तपासणं यांत तिच्या आयुष्याची सगळी वर्षं गेली होती.

उपाय तिला कंपनीच्या बसमध्ये सुचला, सकाळी उजळाईवाडीच्या पुढं. तीन संशयित नमुने असतील तर तिघांना वेगवेगळी खूण द्यायची आणि कुठली खूण उगवते ते बघत बसायचं. इतकं सोपं होतं. त्या पानावर गप्पा, बातम्या येत होत्या, त्याच ती बघत राहणार होती. तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या, खोट्या, पण साध्या, कुणाला लागणार नाहीत अशा. जी तिथं उगवेल तिचा मालक तो. बसच्या खिडकीतून वारा येत होता आणि कित्येक दिवसांनी तिला भूक लागली. गोष्टी निवडताना तिनं औषधाची मात्रा ठरवावी तशी काळजी घेतली. निशिगंधाला ती फोनवर म्हणाली, सौंदर्याला थोडे दिवस निपाणीला आत्तीकडं पाठवायचा विचार आहे, हवापालट होईल. राजनंदिनी भाजी बाजारात तिच्या आईबरोबर भेटली. तिला बाजूला घेऊन सांगितलं, अगं सौंदर्याला अशक्तपणा आलाय, डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू केलीत. पृथ्वीराज वह्या परत द्यायला दारात आला तेव्हा त्याला म्हणाली, तिला खो-खोच्या संघातून काढायला सांग पी.टी.च्या सरांना, तिला सध्या पळायला, उड्या मारायला मनाई आहे. "का वो काकू, पाय मोडला का काय?" "नाही रे, असंच." पोरगं डोकं खाजवत गेलं. जिना उतरताना शीळ घालत होतं. निपाणी. इंजेक्शनं. पळायला मनाई. तीन गोष्टी, एकीचा दुसरीशी संबंध नाही, एकीतही कुणाचं नुकसान नाही. सौंदर्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. तपासणी चालू असताना नमुन्याला कुणी सांगत नाही.

मग ती वाट पाहत राहिली. वाट पाहणं तिला येत होतं. प्रयोगशाळेत इन्क्युबेटरच्या काचेतून ती रोज नळ्या बघत असे. जंतू वाढतात का ते बघायचं माध्यम सोनेरी, स्वच्छ, पलीकडची अक्षरं वाचता येतील असं. त्यात एके सकाळी अगदी धुरकट, दुधाचा थेंब पडल्यासारखं काही दिसे. डोळ्यांना भास वाटे, मग भास नसे. जेवणाच्या सुट्टीत ती तशीच ते पान उघडून बघे. दोन दिवस नवीन काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी निपाणी उगवली. 'माताजी निपाणीला तपश्चर्येला चालल्या.' तिला दुःखाच्या आधी विजयाची एक झिणझिणी आली, मानेतून वर गेली, आणि ती मनात म्हणाली, निशिगंधा. बालवाडीपासूनची निशिगंधा. तिनं पान खाली सरकवलं. दोन ओळी सोडून कुणीतरी लिहिलं होतं, 'इंजेक्शनं चालू हायत म्हनं.' आणि त्याच्याखाली तिसऱ्यानं, 'पळायला बी बंदी हाय, सर म्हनाले.' मग एका चौथ्यानं, ज्याला यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं फक्त बेरीज केली होती. पळायला बंदी, इंजेक्शनं, आणि दूरच्या आत्तीकडं रवानगी. कोल्हापुरातल्या कुठल्याही गल्लीतलं कुठलंही माणूस जी बेरीज करेल तीच. 'माताजींना प्रसाद मिळाला,' असं त्यानं लिहिलं होतं. खाली सगळं जग हसत होतं.

तिन्ही नळ्या गढूळ झाल्या होत्या. तिनं खुर्चीचे हात धरले. ऑफिसातला पंखा फिरत होता, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास येत होता. नळ्यांची तोंडं बंद असतात असं आपण धरून चाललो, ही चूक तिला त्या क्षणी स्वच्छ दिसली. पोरांची तोंडं कुठली बंद असायला. निशिगंधानं काळजीनं राजनंदिनीला सांगितलं असेल, राजनंदिनीच्या आईनं शेजारी, पृथ्वीराजनं तर खो-खोच्या सरांना सगळ्या संघासमोर सांगितलं असणार, कारण तिनंच तसं सांगायला लावलं होतं. कदाचित तिघांपैकी कुणीच ते पान काढलं नव्हतं. आता ते कधीच कळणार नव्हतं. कळलं होतं ते एवढंच, की आत्तापर्यंत तिथं जे होतं ते दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं, आणि आजचं जे होतं त्याचा शब्दन् शब्द आईच्या तोंडचा होता.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. कंपनीची बस नव्हती, वडापच्या जीपमध्ये दाटीत बसून आली. मनात एकच होतं, पोरगी शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं. गाडी गोकुळ शिरगावला थांबली, माणसं चढली, उतरली, कुणीतरी मांडीवर कोंबडी घेतली होती. ती कोंबडी तिच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. गच्चीचं दार आपण सकाळी कुलूप लावून आलो की नाही, हे तिला आठवेना. कुलपाचा पितळी रंग, किल्लीचं कडं, सगळं आठवे, पण आजचं की कालचं ते कळेना. घराचा जिना ती धावत चढली. दार उघडं होतं. सौंदर्या बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती, गणवेशातच. एक वेणी सुटलेली. दानेश्वरी तिच्या समोरच खाली बसली. पोरगी होती. श्वास घेत होती. बाकी जगात काही असायची गरज नव्हती.

"आई, मी निपाणीला चाललेय का?" सौंदर्यानं विचारलं.

"नाही."

"मला इंजेक्शनं कसली चालू आहेत?"

दानेश्वरीनं तिच्या सुटलेल्या वेणीकडं हात नेला.

"पी.टी.च्या सरांनी मला बाजूला बसवलं. म्हणाले, तू पळू नको बाळा. बाळा म्हणाले. आणि सगळ्या मुली माझ्या पोटाकडं बघत होत्या." तिचा आवाज कापत नव्हता, सपाट होता. "मी नुसती विचार करत बसलेय, की हे घरात कुणाला माहीत असेल. निपाणीच्या आत्ती आहेत हे बाहेर कुणाला माहीत असेल."

खोटं बोलायची संधी होती. अजूनही होती. निशिगंधावर ढकलता आलं असतं, आणि ते थोडंसं खरंही होतं. दानेश्वरीनं सगळं सांगितलं. उंबरा, बरणीचं झाकण, तीन जण, तीन खुणा. सांगताना तिच्या लक्षात आलं, की हे सगळं किती हुशारीचं वाटतं आणि किती भयंकर आहे. सौंदर्या ऐकत राहिली. मग ती हसली. सिग्नलवरच्या पोरांच्या हसण्यात जे नव्हतं ते सगळं यात होतं.

"म्हणजे तूपण. तूपण माझ्याबद्दल काहीतरी बनवून लोकांना सांगितलंस आणि मग मजा बघत बसलीस."

"मजा नाही गं, मी तर..."

"रोज उघडून बघत होतीस ना? ते सगळेपण रोज उघडून बघतात."

रुद्रेश दुकानातून लवकर आला. त्यालाही कुणीतरी दुकानात येऊन काहीतरी बोललं होतं. तो दारातच पोरीकडं बघून ओरडला, "कोन हाय त्यो? नाव सांग पुट्टी, फकस्त नाव सांग!" कपाळाची शीर उडत होती. दानेश्वरीनं त्याला आपलं नाव सांगितलं. म्हणजे ती म्हणाली, "मी. हे आजचं मी केलं," आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. हा एवढा मोठा माणूस हातातली दुकानाची किल्ली घेऊन तसाच उभा राहिला. कुणाच्या दारात जायचं ते त्याला कळेना. "तुझ्या शिक्षनाला काय म्हनायचं आता," तो शेवटी म्हणाला, पण हळू म्हणाला. मग वळून परत चपला घालायला लागला. "मी त्या क्लासात जातो. एकेकाची गचांडी..."

"अप्पा, तुम्ही कुठं जाऊ नका." सौंदर्या उठून उभी राहिली होती. सुटलेली वेणी तिनं पुढं घेतली आणि घालायला लागली. "तुम्ही गेलात की म्हणतील, खरं असल्याशिवाय बाप येईल का. आई जाईल. आईनं सांगितलंय, आईच परत सांगेल. सगळ्यांसमोर. मीपण येणार."

"तू नको येऊ," दानेश्वरी म्हणाली.

"मी नसले तर त्यांना वाटेल मी गेले निपाणीला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासच्या पहिल्या मजल्यावर दानेश्वरी उभी राहिली. हंबीरराव सर आधी नको म्हणत होते, पोर्शन राहिलाय म्हणत होते. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी खडू खाली ठेवला आणि कडेला सरकले. बाकांवर साठ-सत्तर पोरं, खांद्याला खांदा लावून. घामाचा, शाईचा आणि खिडकीखालच्या वडापावच्या गाड्याचा वास. निशिगंधा दुसऱ्या बाकावर, डोळे सुजलेले. पृथ्वीराज मागं, मान खाली. राजनंदिनी कुठं आहे ते दिसेना. सौंदर्या मुलींच्या बाजूला, एकटी, मोकळ्या बाकावर. तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. दानेश्वरीला वाटलं, यांच्यात एक जण आहे. किंवा चार आहेत. किंवा सगळे, थोडे थोडे. इथं उभं राहून कुणाच्याही तोंडावर काही दिसत नव्हतं. सगळी तोंडं सारखीच कोवळी होती, काहींना मिसरूड फुटत होती, एकीच्या दाताला तार होती. याच हातांनी ते लिहिलं होतं आणि आयांनी दिलेले डबे हे याच हातांनी खातात.

"मी सौंदर्याची आई," ती म्हणाली. "तिला काही झालेलं नाही. ती कुठं जाणार नाही. या सगळ्या गोष्टी मी खोट्या सांगितल्या होत्या, मी..." पुढचे शब्द तिला स्वतःलाही नीट ऐकू येईनात. मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं आणि चार जण हसले. तिला दिसलं, तिसऱ्या रांगेत बाकाखालून एक मोबाइल हळूहळू वर आला, मग दुसरा. त्यांचे लहान काळे डोळे तिच्याकडं वळले. उद्या ती तिथं असणार होती, फळ्यासमोर, पर्स घट्ट धरलेली, अर्धं तोंड उघडलेलं. खाली लोक काय लिहितील त्याची पहिली दोन वाक्यं तिला आत्ताच दिसली. पदर, ओढणी, काहीतरी तोंडापुढं घ्यावं असं तिच्या हातांना झालं. जिना डावीकडं होता, चार पावलांवर. सरांनी घसा खाकरला, "बरं वहिनी, झालं का..."

"आई," सौंदर्या बाकावरून म्हणाली. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. ती उभी राहिली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज दोन्ही मजल्यांवर गेला. "मोठ्यानं सांग. मागं ऐकू येत न्हाय."

दानेश्वरीनं पर्स टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.